स्कूटरचा पट्टा : रचना, निवड आणि जोडणी

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचवणारा जो रबरी पट्टा असतो, त्यास व्यवहारात सर्वजण नुसते ‘बेल्ट’ म्हणतात. डाव्या बाजूच्या लांबट आवरणाखाली तो झाकलेला असल्यामुळे वाहनधारकास तो सहसा दिसत नाही आणि तुटेपर्यंत त्याची आठवणही होत नाही. आवरणाआडचा त्याचा दिनक्रम मात्र विलक्षण कष्टाचा आहे. इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांनी फिरत असताना साधारण 80 सेंटिमीटर परिघाचा हा पट्टा सेकंदाला तीसहून अधिक वेळा पुढील व मागील अशा दोन कप्प्यांभोवती फिरून येतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा वाकतो व दोनदा सरळ होतो. सिग्नलला गाडी उभी असतानाही त्याला विश्रांती नसते, कारण स्कूटरमध्ये शक्तीच्या मार्गात क्लच पट्ट्यानंतर, म्हणजे मागील कप्पीवर बसवलेला असतो. गाडी थांबली तरी इंजिन चालू असेपर्यंत पट्टा फिरतच राहतो. शहरातील गर्दीत वापरलेल्या गाडीचा पट्टा तेवढ्याच किलोमीटरला महामार्गावरील गाडीच्या पट्ट्याहून अधिक झिजलेला आढळतो, त्याचे हे एक कारण होय.

पट्ट्याने शक्ती वाहून नेण्याची पद्धत गिरण्या, पिठाच्या चक्क्या आणि रहाटापर्यंत मागे जाते. परंतु आपल्या विषयाशी थेट संबंध येतो तो पाचरीच्या आकाराच्या, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा छेद असलेल्या पट्ट्याचा. अमेरिकेतील डेन्व्हर येथील गेट्स कंपनीत जॉन गेट्स यांनी 1917 साली रबर व सूत यांचा असा पट्टा तयार केला आणि तो मोटारींच्या पंख्यांवर त्वरेने रूढ झाला. सपाट पट्टा कप्पीवरून घसरू नये म्हणून तो फार ताणून बसवावा लागतो. पाचरी पट्टा मात्र कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे जितका ओढावा तितका कप्पीच्या खाचेत घट्ट रुततो. खाचेचा कोन 30 अंशांच्या आसपास धरल्यास त्याच ताणात मिळणारे घर्षण सपाट पट्ट्याच्या सुमारे चौपट होते. यातून एक गोष्ट निष्पन्न होते, ती पुढे वारंवार कामी येणार आहे : या पट्ट्याचे काम त्याच्या दोन तिरक्या कडांवर चालते. पाठ व पोट केवळ त्या कडांना धरून ठेवतात.

कप्पीच्या दोन बाजू जवळ-दूर करता आल्या तर पट्टा खाचेत वर-खाली सरकतो आणि त्याबरोबर वेगाचे गुणोत्तर बदलते, ही कल्पना मोटारसायकलींच्या आरंभकाळातच सुचली होती. ब्रिटनमधील झेनिथ कंपनीची ‘ग्रॅड्युआ’ आणि रज कंपनीची ‘मल्टी’ या गाड्यांत चालक हाताने दांडा फिरवून हे गुणोत्तर बदलत असे. रज मल्टीने 1914 साली आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यत जिंकली होती. हा बदल आपोआप घडवून आणण्याचे श्रेय प्रामुख्याने नेदरलँड्समधील हब व्हॅन डोर्न यांना दिले जाते. त्यांच्या डाफ कंपनीची ‘डाफ 600’ ही छोटी मोटार 1958 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यातील ‘व्हेरिओमॅटिक’ यंत्रणेत दोन रबरी पट्टे होते आणि ती मोटार पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके. पुढे नेदरलँड्समध्ये त्यामुळे उलट्या दिशेने धावण्याच्या शर्यतीही भरू लागल्या.

भारतात स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत गिअर, हे समीकरण आकुर्डीच्या बजाज चेतकने पक्के केले होते. ते बदलण्यास आरंभ झाला तो कायनेटिक होंडापासून. पुण्याच्या फिरोदिया घराण्यातील कायनेटिक इंजिनिअरिंग आणि जपानची होंडा यांनी 1984 साली संयुक्त कंपनी स्थापन केली आणि मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे तिची स्कूटर तयार होऊ लागली. बटण दाबून सुरू होणारी आणि गिअर नसलेली ही गाडी महाराष्ट्रातील शहरांत विशेष रुजली. त्यानंतर 2001 साली अ‍ॅक्टिव्हा आली आणि काही वर्षांतच गिअरची स्कूटर रस्त्यावरून जवळपास दिसेनाशी झाली. पियाजिओने 2012 पासून बारामती येथे तयार केलेल्या व्हेस्पामध्येही पारंपरिक गिअरऐवजी पट्टाच आहे, हे जुन्या व्हेस्पाप्रेमींना रुचले नाही, तो भाग वेगळा.

या यंत्रणेस शास्त्रीय परिभाषेत अखंड परिवर्ती प्रेषण म्हणता येईल. गॅरेजमध्ये तिला सीव्हीटी म्हणतात. तिची पुढील कप्पी थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर असते. तिची बाहेरील बाजू स्थिर असून आतील बाजू शाफ्टवरच्या गुळगुळीत नळीवरून, म्हणजे बुशवरून, सरकते. या सरकत्या भागाच्या पोटात सहसा सहा रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेने हे रोलर बाहेर पळतात, उतरत्या पाटीवर चढतात आणि सरकत्या बाजूला पट्ट्याकडे ढकलतात. खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो आणि पुढील कप्पीवर त्याची त्रिज्या वाढते. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्याने मागील कप्पीवर तो तितकाच खाली उतरतो व तेथील जाड स्प्रिंग दबते. गाडी सुटताना पुढील कप्पीच्या सुमारे अडीच फेऱ्यांना मागील कप्पीची एक फेरी होते. पूर्ण वेगात मागील कप्पीच पुढील कप्पीच्या पुढे निघून जाते. मागील कप्पीनंतर केंद्रोत्सारी क्लच, त्यानंतर वेग कमी करणारी दंतचक्रे आणि मग चाक, असा शक्तीचा मार्ग आहे.

पट्ट्यांचे वर्गीकरण छेदावरून करतात : सपाट, पाचरी, अनेक बारीक पन्हळी असलेला आणि दात्यांचा. स्कूटरचा पट्टा पाचरी वर्गातील ‘रुंद, परिवर्ती वेगाचा’ या उपप्रकारात मोडतो. कारखान्यातील साध्या पाचरी पट्ट्याच्या मानाने त्याची रुंदी जाडीपेक्षा बरीच जास्त असते. त्याच्या आतील बाजूस दाते दिसतात, त्यामुळे तो दात्यांच्या वर्गातील असावा असा समज होतो. तो चुकीचा आहे. हे दाते कशातही अडकत नाहीत. जाड रबर लहान कप्पीभोवती सहज वाकावे व वारा खेळून थंड राहावे, एवढाच त्यांचा उद्देश. याउलट एथर 450 सारख्या काही विद्युत स्कूटरमध्ये जो पट्टा असतो त्याचे दाते कप्पीच्या दात्यांत खरोखर बसतात आणि त्याचे गुणोत्तर कधी बदलत नाही. दोहोंचे नाव ‘बेल्ट’ असले तरी तपासणीचे व बदलण्याचे नियम अगदी भिन्न आहेत. येथे विचार केला आहे तो पेट्रोलवरील स्कूटरच्या पट्ट्याचा.

आडवा कापून पाहिल्यास पट्ट्यात तीन भाग दिसतात. मध्यभागाच्या थोडे वर, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने गुंडाळलेले मजबूत दोर असतात. ओढ सोसण्याचे काम त्यांचे. ते पॉलिएस्टरचे किंवा अ‍ॅरामिड तंतूंचे असतात. केवलार हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नाव. दोरांच्या वर पाठीचे रबर व खाली दात्यांचे रबर असते. खालच्या रबरात आखूड तंतू मुद्दाम आडवे पेरलेले असतात, कारण दोन्ही बाजूंनी दाब आल्यावर पट्टा चेपून अरुंद होता कामा नये. पूर्वीपासून वापरात असलेले रबर म्हणजे क्लोरोप्रीन. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने 1930 च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेले हे कृत्रिम रबर तेल व उष्णतेस नैसर्गिक रबरापेक्षा चांगले तोंड देते. उष्णतेस अधिक टिकणारी नवी रबरेही आता वापरली जातात. स्कूटरच्या पट्ट्याच्या कडांवर कापडाचे आवरण नसते; कापलेले रबरच कप्पीला भिडते. जपानमधील कोबे येथील बँडो व मित्सुबोशी या शंभराहून अधिक वर्षे जुन्या कंपन्या या क्षेत्रात अग्रगण्य आहेत. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील पिक्स ट्रान्समिशन्स ही पट्टे निर्माण करणारी कंपनीही अनेक देशांत माल पाठवते.

आता झीज. पट्टा तुटण्यापूर्वी तो बहुधा अरुंद झालेला असतो, आणि रुंदीतील घट दिसते त्यापेक्षा खूप मोठा परिणाम करते. खाचेचा एकूण कोन 28 ते 30 अंश धरल्यास रुंदी 1 मिलिमीटरने घटली की पट्टा कप्पीत जवळपास 2 मिलिमीटर खाली बसतो. दीड मिलिमीटर झिजलेला पट्टा म्हणजे पुढील कप्पीची त्रिज्या 3 मिलिमीटरने उणी. ज्या कप्पीची सर्वाधिक त्रिज्याच पाच सेंटिमीटरच्या आसपास, तेथे ही घट क्षुल्लक नव्हे. गाडी पूर्वी जेथे सहज पळे तेथे आता इंजिन ओरडते, वेग मिळत नाही आणि अ‍ॅव्हरेज घसरते. चालकाला वाटते इंजिन म्हातारे झाले. अनेकदा पिस्टन-रिंगपर्यंत खर्च करून झाल्यावर कोणीतरी डावे आवरण उघडते, हा क्रम उलटा असायला हवा.

इतर लक्षणेही आहेत. सुटताना गाडी थरथरते. परंतु हे बहुधा क्लचचे शू किंवा क्लच बेल खराब झाल्याचे चिन्ह असते, त्यामुळे एवढ्यावरून पट्ट्याला दोषी धरू नये. पावसात पाणी शिरले तर पट्टा घसरून चिरका आवाज येतो व वाळल्यावर तो थांबतो. पट्टा तुटलाच तर ओळखणे सोपे आहे : किक लागते, सेल्फ लागतो, इंजिन चालू होते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की नुसते गुरगुरते आणि गाडी जागची हलत नाही. किक व सेल्फ दोन्ही बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूला, इंजिनाच्या शाफ्टला फिरवतात, म्हणून पट्ट्याविना इंजिन सुरू होऊ शकते. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे मागील कप्पीत गुंतून आवरण फोडतात किंवा चाक जाम करतात, असेही घडते. भर वेगात ते घातक ठरू शकते. बदलण्याची मुदत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. अनेक 100 ते 125 सीसी गाड्यांत ती 20 ते 25 हजार किलोमीटरच्या आसपास असून त्याआधी ठरावीक टप्प्यांवर तपासणी सांगितलेली असते. तपासताना व्हर्नियर कॅलिपरने पट्ट्याची पाठीकडील रुंदी चार-पाच ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी आलेला आकडा मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावा. मग पट्टा उलटा वाकवून दात्यांच्या मुळाशी पाहावे. तडे तेथूनच सुरू होतात, आणि सरळ धरलेल्या पट्ट्यात ते दिसत नाहीत. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर पट्टा घसरून तापला आहे असे समजावे.

नवा पट्टा निवडताना ‘अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. एकाच नावाखाली इंजिने बदलत गेली आहेत. विशेषतः एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाल्यानंतर अनेक गाड्यांचे अंतरंग बदलले, नाव तेच राहिले. खरा आधार भाग क्रमांकाचा. होंडाच्या पद्धतीत पट्ट्याचा क्रमांक 23100 ने सुरू होतो आणि त्यापुढील अक्षरे व अंक कोणत्या मॉडेलचा ते सांगतात. पहिले पाच आकडे जुळले म्हणून पट्टा जुळला असे होत नाही. तैवान व चीनमध्ये प्रचलित असलेल्या जीवाय6 जातीच्या इंजिनांसाठी मात्र मापांचीच भाषा चालते : 842-20-30 म्हणजे लांबी 842 मिलिमीटर, रुंदी 20 मिलिमीटर आणि कोन 30 अंश. लांबी बाहेरून मोजायची की आतून, याबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही. म्हणून जुना, ताणलेला व झिजलेला पट्टा दोरीने मोजून त्या मापाचा नवा मागणे ही पद्धत भरवशाची नाही.

माप चुकल्यास काय होते? आखूड पट्टा पुढील कप्पीच्या तळाशी बसला की मागील कप्पीत आवश्यकतेपेक्षा खाली ओढला जातो. गाडी जणू वरच्या गिअरमध्येच सुटते, पिकअप मरतो आणि बेअरिंगवर ताण येतो. लांब पट्टा सुरुवातीस ढिला राहतो, घसरतो आणि मागील कप्पीच्या कडेबाहेर डोकावतो. अरुंद पट्टा तर पहिल्याच दिवशी झिजलेल्या पट्ट्यासारखा वागतो. कोन जुळत नसेल तर कडेचा थोडासाच भाग कप्पीला टेकतो आणि तेथेच जळतो. बाजारात केवलारच्या नावाने अधिक ‘ताकदीचे’ पट्टे मिळतात. रोजच्या वापराच्या, मूळ अवस्थेतील गाडीस त्यांची गरज नाही. कंपनीचा ओरिजिनल अथवा कंपनीस पट्टे पुरवणाऱ्या उत्पादकाचा पट्टा हीच सर्वोत्तम निवड. नक्कल केलेल्या मालावरही छाप व होलोग्राम हुबेहूब असतात. नुसत्या वेष्टणावर न जाता ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन माल घ्यावा, हे दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा शहाणपणाचे. खोक्यातून काढलेल्या पट्ट्याला कोठे तीक्ष्ण घडी पडलेली असेल तर तो परत करावा, कारण घडीच्या जागी आतील दोर दुखावलेले असू शकतात.

जोडणीस सपाट जागा, मेन स्टँड आणि थंड झालेले इंजिन हवे. आवरणाचे बोल्ट सहसा आठच्या पान्याने निघतात, मात्र त्यांची लांबी सारखी नसते. जाणता मेकॅनिक पुठ्ठ्यावर आवरणाचा आकार काढून त्या त्या जागी भोक पाडतो व बोल्ट तेथेच खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केसिंगचे आटे जातात. आवरण उघडल्यावर काळी भुकटी दिसते. ती झिजलेल्या रबराची असून स्वाभाविक आहे, नाका-तोंडावर फडके बांधून कोरड्या फडक्याने ती पुसावी. परंतु तेथे तेलाचा ओलावा दिसला तर काम थांबवावे. क्रँकशाफ्टचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळत आहे, आणि ते बदलल्याशिवाय नवा पट्टा बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पुढील कप्पीचा नट सोडवताना कप्पी फिरू नये म्हणून ती धरून ठेवावी लागते. त्यासाठी कप्पीवरील पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवण्याची वाईट सवय सर्वत्र आहे. पाती तुटतात आणि कप्पीचा तोल जातो. त्यासाठी पुली होल्डर नावाचे साधे हत्यार मिळते. कप्पी निघाल्यावर रोलर हातात घेऊन फिरवून पाहावेत : गोल रोलरवर एखादी बाजू चपटी झाली असेल तर पूर्ण संच बदलावा. सरकत्या भागाच्या खाचांत बसणारे प्लॅस्टिकचे स्लायडरही त्याच वेळी बदलणे योग्य. दोन्ही कप्प्यांच्या तिरक्या पृष्ठावर नख फिरवून पायरी लागते का पाहावे. पायरी लागली तर नवा पट्टा तेथेच अडेल. ही पृष्ठे शेवटी स्वच्छ व कोरडी हवीत. ग्रीसचे एक बोट येथे हजार किलोमीटरचे नुकसान करते.

मागील कप्पीतच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा क्षण येतो. तिच्या दोन्ही बाजू जोर लावून फाकवाव्यात आणि पट्टा खाचेच्या तळापर्यंत दाबून ठेवावा. त्यामुळे पुढील बाजूस भरपूर ढिलाई मिळते. मग रोलरची पाटी व सरकता भाग हाताने घट्ट धरून बुशसह शाफ्टवर चढवावेत. येथे मुठीची पकड सुटली तर एखादा रोलर जागेवरून निसटतो आणि बाहेरून ते कळतही नाही. त्यावर पट्टा बुशभोवती सैल ठेवून बाहेरील बाजू लावावी. ती शाफ्टवरील खाचांत पूर्ण बसून बुशला टेकली पाहिजे. पट्टा मध्ये चिमटला गेला तर नट पट्ट्यावरच आवळला जातो, पान्याला घट्टपणा जाणवतो, मेकॅनिक समाधानाने आवरण लावतो. गाडी शे-दीडशे किलोमीटर धावल्यावर पट्टा आपली जागा घेतो, नट सैल होतो आणि शाफ्टच्या खाचा कुरतडल्या जातात. मग दुरुस्ती पट्ट्याची उरत नाही, क्रँकशाफ्टची होते. परीक्षा सोपी आहे : नट आवळून झाल्यावरही पुढील कप्पीत पट्टा बोटाने हलला पाहिजे. आवळण्याचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्याने द्यावा. एअर गनने ‘टर्र’ केले की झाले, ही समजूत नट सोडवण्यापुरती ठीक आहे, आवळण्यासाठी नाही.

पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. बाण नसेल तर अक्षरे गाडीच्या डाव्या बाजूने वाचता येतील असा पट्टा बसवण्याचा प्रघात आहे. जुनाच पट्टा तपासून परत लावायचा असेल तर काढण्यापूर्वी खडूने दिशा नोंदवावी, कारण एका दिशेने रुळलेला पट्टा उलटा चालवू नये. त्यानंतर मागील कप्पी हाताने फिरवत राहावे, म्हणजे खाली दाबलेला पट्टा हळूहळू कडेपर्यंत वर येतो व ढिलाई निघून जाते. ती तशीच ठेवून इंजिन सुरू केल्यास पट्टा पहिल्या काही फेऱ्यांतच घसरून भाजतो. आवरण लावताना गॅस्केट व दोन्ही मार्गदर्शक पिना जागेवर आहेत याची खात्री करावी आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. हवा आत घेणाऱ्या नळीचा फोमही त्याच वेळी झटकून घ्यावा, कारण तो तुंबला की आवरणाखालचे तापमान वाढते.

नवा पट्टा पहिले शंभर-दोनशे किलोमीटर एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर न देता, बेताने चालवावा. त्याच्या कडा कप्पीच्या पृष्ठाशी जुळून येण्यास तेवढा अवधी लागतो. या काळात रबराचा किंचित वास येणे चालते, सतत जळका वास येणे चालत नाही. चढावर वाहतूक अडकली असता ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय अनेकांना असते. त्यात क्लच व पट्टा दोन्ही तापतात, तेव्हा ब्रेक दाबून धरणेच बरे. बदलतेवेळचा किलोमीटरचा आकडा सर्व्हिस बुकात लिहून ठेवावा. जुना पट्टा शाबूत असेल तर लांबच्या प्रवासासाठी डिकीत राहू द्यायला हरकत नाही, मात्र तो मुरगळून कोंबू नये, सैल वेटोळे करून पिशवीत ठेवावा आणि त्यासोबत पुढील नटाच्या मापाचा बॉक्स पानाही ठेवावा.